पहिले पाच श्वास

यंदाच्या अंकाचा विषय ‘श्वास’ आहे असं संपादकांनी कळवलं. प्राणायामावर आणि शहरांच्या हवेवर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. मला मेळघाटातल्या धारणीला जायचं होतं. धारणी तालुक्यातल्या एका निवासी शाळेच्या सिस्टर मुलांना आणि कर्मचाऱ्यांना सीपीआर शिकवतात, श्वास थांबलेल्या माणसाची छाती कशी दाबायची आणि त्याला दुसऱ्याने आपला श्वास कसा द्यायचा ते गिरवून घेतात, असं परतवाड्याच्या एका डॉक्टर मित्राने सांगितलं होतं. मेळघाटाबद्दल आपण वाचतो ते कुपोषणाचं आणि बालमृत्यूंचं. हे काही वेगळं वाटलं, म्हणून निघालो.

अमरावतीहून परतवाडा, मग घटांग, सेमाडोह, हरिसाल करत धारणी. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. घाट लागला की मोबाइलची रेंज येते-जाते, आणि १९७४ साली जाहीर झालेल्या व्याघ्र प्रकल्पाचं जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्याला भिडतं. दिवसाउजेडी ही वाट डोळ्यांना सुख देते. पण मांडीवर निळं पडत चाललेलं लेकरू घेऊन याच वाटेने खाली उतरणाऱ्या आईबापांचा विचार करा. श्वास आणि रक्ताभिसरण थांबल्यावर मेंदूला इजा सुरू व्हायला चार ते सहा मिनिटं पुरतात. धारणीत उपजिल्हा रुग्णालय आहे; बैरागड, हरिसाल, कळमखार, साद्राबाडी अशा गावांत प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिकाही आहे, तीही डॉक्टरसह. सगळं वेळेवर आणि सुरळीत चाललं, तरी त्या चार मिनिटांत पाड्यावर यातलं काही पोहोचू शकत नाही. त्या वेळात लेकराजवळ जो असेल तोच त्याचा डॉक्टर.

सिस्टरनी भेटल्या भेटल्या एक अट घातली. “माझं नाव नका टाकू. शाळेचंही नका टाकू. कंत्राटी माणूस हाये मी.” मूळच्या त्या दर्यापूरकडच्या. मराठी, हिंदी आणि कामापुरती कोरकू बोलतात. आधी बरीच वर्षं त्यांनी प्रसूती विभागात काढली आहेत. या गोष्टीला पुढे फार महत्त्व आहे.

बाटली, चादर आणि जुना सदरा

सीपीआरच्या प्रशिक्षणाला पुतळा लागतो. पुतळा महाग, आणि असला तरी साठ-सत्तर मुलांमध्ये एक. मग मुलं पाहतात आणि एक-दोघं करतात. पाहून सीपीआर येत नाही. सिस्टरनी यावर तोड काढली ती अशी. एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली, झाकण घट्ट लावलेली. वसतिगृहातली जुनी चादर घट्ट गुंडाळून तिची वळकटी करायची, त्यावर बाटली आडवी ठेवायची आणि दोन्हींना गणवेशाचा जुना सदरा घालून बटणं लावायची. सदऱ्याच्या तिसऱ्या बटणाखाली बाटलीचा मध्य येतो. तिथे तळहाताची टाच ठेवून दाबलं की बाटली आत जाते, सोडलं की कटकन वर येते. अर्धवट दाबलं तर आवाज होत नाही. पूर्ण दाबून नीट सोडलं नाही तरी होत नाही. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर दबली पाहिजे आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर आली पाहिजे, हा नियम मुलांना आकड्यात सांगावा लागत नाही. बाटली बोलली की बरोबर.

अशा पंधरा-वीस ‘छात्या’ त्यांनी व्हरांड्यात मांडल्या होत्या. दोन मुलांत एक. एक गुडघ्यांवर, दुसरा मोजणारा. हात कोपरात वाकू द्यायचे नाहीत, खांदे हातांच्या बरोबर वर आणायचे, जोर दंडातून नाही तर कमरेपासून आणायचा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. हा वेग अंगात बसवणं हे खरं काम आहे. मराठीत एक ते तीस मोजताना बावीस-तेवीसपुढे जीभ रेंगाळते आणि हातही तिच्यासोबत रेंगाळतात. सिस्टर म्हणून एक ते दहा तीनदा मोजायला लावतात, कोरकूत मोजलं तरी चालतं. नववीतला एक मुलगा होळीला ढोल वाजवतो. त्याच्या हातात पत्र्याचा डबा दिला होता. त्याने ठेका धरला आणि पहिल्या मिनिटानंतर सगळा व्हरांडा एका लयीत आला.

वयाचा प्रश्न मी विचारला. बारीक अंगाची ही मुलं, मोठ्या माणसाची छाती दाबू शकतील का? ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना पुरेसं खोल दाबता आलं नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची कामगिरी मोठ्यांच्या जवळपास होती. यात वजनाला महत्त्व आहे, आणि मेळघाटातल्या चौदा वर्षांच्या मुलाचं वजन ब्रिटनमधल्या चौदा वर्षांच्या मुलाइतकं नसतं. सिस्टरना हे रोजच्या वजनकाट्यावरून ठाऊक आहे. एरवी दर दोन मिनिटांनी हात बदलायला सांगतात, त्या दर मिनिटाला बदलायला लावतात. पाचवी-सहावीच्या मुलांना त्या दाबायला शिकवतच नाहीत. त्यांना तीनच कामं: ओळखायचं, ओरडून मोठ्यांना बोलवायचं, १०८ लावायचा. रेंज शाळेच्या कोणत्या कोपऱ्यात सापडते हे त्या लहान मुलांना पाठ आहे.

आधी श्वास

“लेकरू पाण्यातून काढलं. श्वास नाही. आंधी काय करायचं?” सिस्टरनी विचारलं.

“छाती दाबायची!” पुढच्या रांगेतून उत्तर आलं. मागून कोणी म्हणालं, उलटं धरायचं. एक म्हणाला, पोट दाबून पाणी काढायचं. एका मुलीने हळूच सांगितलं, भुमकाला, म्हणजे गावच्या वैदूला, बोलवायचं.

“बोलवा ना,” सिस्टर तिला म्हणाल्या, “पण तो येईस्तोवर तुमचे हात थांबले नाही पाहिजेत. पोट दाबू नका, उलटं धरू नका, गरगर फिरवू नका. त्याच्यातून पाणी निंघत नाही, पोटातलं अन्न वर येते अन् छातीत जाते. आंधी श्वास. पाच श्वास. मंग छाती.”

हाच क्रम या लेखाचा गाभा आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो.

शहरांत, टीव्हीवर, कंपन्यांच्या शिबिरांत जो सीपीआर शिकवला जातो तो बहुतेक नुसत्या हातांचा असतो. त्याला कारण आहे आणि ते चांगलं आहे. पन्नाशीचा माणूस रेल्वे फलाटावर कोसळतो, तेव्हा त्याचं हृदय अचानक बंद पडलेलं असतं. क्षणापूर्वीपर्यंत तो नीट श्वास घेत होता, त्याच्या रक्तात प्राणवायू शिल्लक आहे. छाती दाबून ते रक्त मेंदूकडे ढकलत राहिलं तरी पहिली काही मिनिटं निभतात. अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायला लोक कचरतात आणि त्यापायी काहीच करत नाहीत. म्हणून सामान्य माणसाने श्वासाच्या भानगडीत न पडता नुसतं दाबावं, अशी पद्धत जगभर रुळली. आपल्याकडे भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने २०१७ मध्ये सामान्य नागरिकांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं आली, तीही नुसत्या छातीदाबाची आहेत. २०२३ च्या ६ डिसेंबरला देशभर एकाच दिवशी लाखोंना सीपीआर शिकवण्याची मोहीम झाली, २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सीपीआर जनजागृती सप्ताह पाळला. हे सारं स्वागतार्ह आहे.

पण धारणीतलं चौदा वर्षांचं पोर फलाटावर हृदयविकाराने कोसळत नाही. ते तापीत बुडतं, सिपनेच्या डोहात किंवा शेतातल्या विहिरीत बुडतं. त्याला मोटारीच्या वायरीचा धक्का बसतो, त्याच्या जवळ वीज पडते, रात्री जमिनीवर झोपलेलं असताना त्याला मण्यार चावते. यांत बहुधा क्रम उलटा असतो: आधी श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू संपत जातो, आणि त्यानंतर हृदय थकून थांबतं. (विजेच्या धक्क्याने कधी हृदय आणि श्वास दोन्ही एकदम बंद पडतात, पण तिथेही श्वासाची गरज राहतेच.) बुडालेल्याच्या रक्तात प्राणवायू उरलेलाच नसतो. नुसती छाती दाबून प्राणवायू नसलेलं रक्त फिरवून काय होणार? म्हणूनच युरोपातली मार्गदर्शक तत्त्वं बुडालेल्याला सुरुवातीला पाच श्वास द्यायला सांगतात, अमेरिकेतली दोन सांगतात. आकडा वेगळा, पण सुरुवात दोघांचीही श्वासानेच. त्यानंतर तीस दाब, दोन श्वास.

यातून एक गोष्ट निघते, आणि ती मला धारणीत सर्वांत मोलाची वाटली. हृदयविकाराने कोसळलेल्याला नुसता सीपीआर पुरत नाही. त्याच्या हृदयाला बहुधा विजेचा झटका देणारं यंत्र लागतं, आणि ते मेळघाटातल्या पाड्यावर मिळणार नाही. बुडालेल्या मुलाचं तसं नसतं. हृदय थांबण्याआधी किंवा नुकतंच थांबल्यावर त्याला श्वास मिळाला, तर कोणत्याही यंत्राशिवाय ते परत येऊ शकतं. म्हणजे जिथे साधनं सर्वांत कमी, तिथेच हे शिक्षण सर्वांत जास्त कामाचं आहे. “दवाखाना इतका लांब, मग सीपीआर शिकवून काय उपयोग?” असं म्हणणारे भेटतात. दवाखाना लांब असतो म्हणूनच शिकवायचं.

हनुवटी वर

श्वास देणं बाटलीवर शिकवता येत नाही. सिस्टर ते स्वतःच्या शरीरावर शिकवतात. सगळ्यांनी हनुवटी छातीला टेकवायची आणि तोंडाने जोरात श्वास घ्यायचा. घोरल्यासारखा आवाज येतो, हवा अडखळते. आता डोकं मागे, हनुवटी वर. हवा मोकळी. शुद्ध हरपलेल्या माणसाची जीभ सैल होऊन घशात मागे पडते. कपाळावर एक हात आणि हनुवटीच्या हाडाखाली दोन बोटं, एवढ्याने ती वाट उघडते. मग नाक चिमटीत धरायचं, आपलं तोंड त्याच्या तोंडावर पूर्ण बसवायचं आणि एक सेकंद फुंकायचं. डोळ्यांनी छातीकडे पाहायचं. छाती उचलली की बस, त्याहून जास्त नाही. जोर लावला तर हवा पोटात जाते आणि उलटी होते. बुडालेल्याला बहुधा उलटी होतेच; घाबरायचं नाही, कुशीवर वळवून तोंड पुसायचं आणि पुन्हा सुरू करायचं.

तोंडाला तोंड लावायचा संकोच इथेही आहे. मुलीने मुलाला कसा द्यायचा, मुलाने मुलीला कसा, यावर हसू फुटतं. सिस्टर ते हसू होऊ देतात, ओसरल्यावर पुढे जातात. क्षयाची भीती मोठ्यांनी बोलून दाखवली. मेळघाटात ती भीती खोटी म्हणता येणार नाही. सिस्टरच्या प्रथमोपचार पेटीत म्हणून झडप असलेला एक साधा प्लॅस्टिकचा मास्क आहे, खिशात मावेल एवढा. आपला श्वास आत जातो, समोरच्याचा आपल्याकडे येत नाही. एक मुलींच्या वसतिगृहात, एक मुलांच्या, एक स्वयंपाकघरात. त्यांनी मला तो हाताळायला दिला. एवढीशी वस्तू प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर टांगलेली असायला काय हरकत आहे?

बुडणाऱ्याला काढायचं कसं, हा धडा त्या श्वासाच्याही आधी घेतात. कारण एकाला वाचवायला दुसरा उडी मारतो आणि दोघं जातात. उडी मारायची नाही. दोर फेकायचा, लांब बांबू पुढे करायचा, स्वयंपाकघरातला तेलाचा रिकामा कॅन झाकण लावून दोराला बांधून फेकायचा. तो तरंगतो आणि माणसाला धरून ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली बुडण्याच्या मृत्यूंवर पहिला जागतिक अहवाल काढला. जवळच्या लोकांना सुरक्षित सुटका आणि श्वास देणं शिकवावं, हा त्यातल्या मुख्य उपायांपैकी एक आहे. आणि वाचलेलं लेकरू उठून बसलं, बोलायला लागलं, तरी त्याला दवाखान्यात न्यायचंच; फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देऊ शकतं.

रात्री शाळेत कोण असतं?

शहरातल्या शाळेत प्रशिक्षण म्हणजे शिक्षकांचं प्रशिक्षण. निवासी शाळेत हा हिशेब चुकतो. संध्याकाळी शिक्षक घरी जातात. रात्री आवारात उरतात ते अधीक्षक, अधीक्षिका, कामाठी, चौकीदार आणि मुलं. सकाळी भाकरीचा तवा चढवणारी बाई शिक्षकांच्या कितीतरी आधी हजर असते. सिस्टरनी पहिला वर्ग घेतला तो या लोकांचा.

स्वयंपाकघरातल्या एक मावशी सुरुवातीला मागे सरकून बसल्या. “मले लिहिता-वाचता येत नाही, मी काय शिकू?” सिस्टरनी त्यांना बाटलीपुढे बसवलं. शेकडो मुलांच्या कणकेचा गोळा रोज मळणारे ते हात. पहिल्याच दाबाला बाटली कटकन बोलली, आणि दोन मिनिटं न थकता बोलत राहिली. त्यांच्यानंतर बसलेले पदवीधर शिक्षक अर्ध्या मिनिटात धापा टाकू लागले. आता नव्या मुलांना दाब कसा द्यायचा हे मावशीच दाखवतात.

मण्यारीचा धडा खास रात्रीच्या लोकांसाठी. मण्यार बहुधा रात्री, झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, दातांची खूण दिसेलच असं नाही. पहाटे मूल पोटात दुखतं म्हणून उठतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं घोगरं होतं. ही चिन्हं दिसली की वाट पाहायची नाही, थेट रुग्णालय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष तिथे मिळतं. विष श्वासाचे स्नायू लुळे करतं, पण हृदय चालू असतं. अशा मुलाला वाटेत श्वास देत राहिलं, तर ते रुग्णालयातल्या व्हेंटिलेटरपर्यंत जिवंत पोहोचू शकतं. गाडीत मागे बसून दर दोन-तीन सेकंदांनी एक श्वास, रस्ता संपेपर्यंत. नाडी ओळखता येत नसेल आणि शंका असेल तर छातीही दाबायची. खाट आणि मच्छरदाणी असती तर यातलं बरंच टळलं असतं, हेही सिस्टर तितक्याच ठामपणे सांगतात. वसतिगृहात मच्छरदाणी नीट खोचलेली आहे की नाही, हे पाहायला त्यांनी मुलांमधूनच पाळी लावली आहे.

आणि वीज. वऱ्हाडात मृगाच्या पावसाला आणि परतीच्या पावसाला विजा पडतात, माणसं तेव्हा शेतात असतात. वीज पडलेल्याला हात लावला तर आपल्यालाही धक्का बसेल, हा समज इथे घट्ट आहे, आणि त्यापायी जवळ कोणी जात नाही. आकाशातल्या विजेचा प्रवाह शरीरात साठून राहत नाही. हात लावायला हरकत नाही. (तारेचा शॉक असेल तर मात्र आधी मेन स्विच बंद, हे त्या तीन-तीनदा म्हणवून घेतात.) एकाच वेळी अनेक जण पडले असतील तर जे कण्हत आहेत, रडत आहेत, त्यांच्याकडे नंतर जायचं. जे निपचित पडलेत त्यांच्याकडे आधी. इतर अपघातांत वैद्यकीय पथकं याच्या उलट करतात. वीज पडलेल्याचं हृदय पुष्कळदा आपोआप पुन्हा सुरू होतं आणि श्वासाचं केंद्र मात्र बधिर राहतं. तेवढा वेळ कोणी श्वास दिला तर मेलेला वाटणारा माणूस परत येऊ शकतो. मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे. आभाळ भरलं की ते उघडतात आणि मुलांना मैदानातून आत घेतात.

आचक्यांचं सांगायला हवं. हृदय थांबल्यावर काही मिनिटं माणूस मासळीसारखा तोंड उघडतो, अधूनमधून घरघरत हवा ओढतो. घरचे म्हणतात, श्वास चालू आहे. ते आचके असतात, श्वास नव्हे. हाक मारून, खांदा हलवून प्रतिसाद नसेल आणि श्वास नेहमीसारखा नसेल, तर सुरुवात करायची. सिस्टरनी आचके स्वतः करून दाखवले. व्हरांडा एकदम गप्प झाला. पुष्कळ मुलांनी घरात कोणाचे तरी पाहिले होते.

खेळण्यांच्या कारखान्यातून आलेली विद्या

छाती दाबून रक्त फिरवता येतं हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १९६० साली मांडलं, आणि तोंडाने श्वास देण्याची पद्धत पीटर साफार यांनी त्याच सुमारास सिद्ध केली. शिकवायचं कशावर? नॉर्वेतल्या स्टाव्हांगर गावी आस्मुंड लेरडाल नावाचे खेळणी बनवणारे गृहस्थ होते. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पाण्यात बुडता बुडता वाचला होता. मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या बनवणाऱ्या लेरडाल यांनी १९६० मध्ये सीपीआर शिकण्याची पहिली बाहुली बनवली. पुढच्याच वर्षी नॉर्वेतल्या शाळांत हे शिक्षण सुरू झालं.

शेजारच्या डेन्मार्कने २००५ पासून ते शाळांमध्ये सक्तीचं केलं, पुढे वाहनचालक परवान्यालाही जोडलं. २००१ ते २०१० या काळात तिथे रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्यांपैकी जवळच्या लोकांकडून सीपीआर मिळालेल्यांचं प्रमाण २१ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांच्या घरात गेलं, आणि महिनाभरानंतर जिवंत असणाऱ्यांचं साडेतीन टक्क्यांवरून जवळपास अकरा टक्क्यांवर. इतरही सुधारणा झाल्या होत्या, सगळं श्रेय शाळांना देता येणार नाही. पण २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने बाराव्या वर्षापासून दरवर्षी दोन तास हे शिक्षण द्यावं या कल्पनेला पाठिंबा दिला. वर्षातून दोन तास. कवायतीला आपण यापेक्षा कितीतरी जास्त वेळ देतो.

डेन्मार्क लांबचं झालं. आपल्या विदर्भातलंच एक उदाहरण आहे, आणि मला ते जास्त जवळचं वाटतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना, जेमतेम शिकलेल्या आरोग्यदूतांना, जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायला शिकवलं; आधी तोंडाने मास्कमधून, पुढे फुग्याच्या पिशवीने. २००५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जन्मतः गुदमरून होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण ६५ टक्क्यांनी घटलं होतं. धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष आणि डॉ. कविता सातव यांच्या ‘महान’ संस्थेनेही गावातल्या बायकांनाच शिकवून घरोघरी बालकांची काळजी घेण्याचं काम उभं केलं आहे. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी साधनांशिवाय काय काय करता येतं ते आयुष्यभर दाखवलं. २०१९ ला त्यांना पद्मश्री मिळाली. साध्या माणसाला श्वास देता येतो का, या प्रश्नाचं उत्तर इथे कधीच मिळालेलं आहे.

सिस्टरचा आत्मविश्वास तिथूनच येतो. २००९ पासून ‘नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमा’त प्रसूतीगृहातल्या परिचारिकांना बाळाला पहिल्या मिनिटात श्वास द्यायला शिकवतात. प्रसूती विभागात सिस्टरनी ते खरोखर केलं आहे. “बाळ निळं असते, ढिलं असते. पिशवी दाबली, छाती उचलली, दोन-चारदा झालं का रडते. ते रडणं ऐकलं ना, मंग कोणी सांगितलं का सीपीआरचा उपयोग नाही, तर मी ऐकत नाही,” त्या म्हणाल्या.

जे अजून जुळलेलं नाही

हे कौशल्य हातातून लवकर जातं. तीन ते सहा महिन्यांत ते विसरायला होतं, हे जगभरचे अभ्यास सांगतात. एका दिवसाचं शिबिर, मोठा फलक, दोनशे मुलं, एक पुतळा, शेवटी प्रमाणपत्रं आणि छायाचित्र, याने पुढच्या उन्हाळ्यातलं बुडणारं मूल वाचत नाही. सिस्टर दर सत्राला पुन्हा घेतात, पंधरा-पंधरा मुलांच्या गटाने, अर्धा-अर्धा तास. हे त्यांच्या कामाच्या यादीत कुठे लिहिलेलं नाही. वजनं, लोहाच्या गोळ्या, ताप, खरूज आणि नोंदवह्या सांभाळून उरलेल्या वेळात त्या हे करतात. कंत्राट संपलं आणि त्या गेल्या, तर? मावशी आहेत, ढोल वाजवणारा मुलगा पुढच्या वर्षी दहावीत आहे. त्यापुढचं उत्तर त्यांच्याकडे नाही.

नवोदय आणि एकलव्य या निवासी विद्यालयांत परिचारिकेचं पद असतं. आदिवासी मुलांच्या निवासी आश्रमशाळांतल्या मृत्यूंचा प्रश्न गाजल्यावर डॉ. सुभाष साळुंखे समितीने २०१६ साली अहवाल दिला, तरी आजही बहुतेक आश्रमशाळांच्या आवारात रात्री परिचारिका मुक्कामी नसते. ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’चं पथक, ज्याची सुरुवात २०१३ साली आपल्याच पालघरहून झाली, शाळेत वर्षातून एकदा येतं. त्या पथकातही डॉक्टर आणि परिचारिका असतात. त्याच भेटीत तासभर जोडून श्वासाचा वर्ग घेता येईल; त्यासाठी नवी योजना लागणार नाही, एक पत्र पुरेल.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. प्रत्येक निवासी आश्रमशाळेत रात्री मुक्कामी राहणारी, कायम पदावरची परिचारिका हवी. आदिवासी भागातल्या शाळांत सीपीआर शिकवताना शहराचा धडा तसाच आणू नये. बुडणं, वीज, शॉक आणि साप समोर ठेवून श्वासापासून सुरुवात करावी. आणि वर्गाला बसवताना पहिला मान कामाठी, स्वयंपाकी, चौकीदार आणि अधीक्षिका यांचा असावा.

वाचकांपैकी कोणाला दिवाळीनिमित्त एखाद्या आश्रमशाळेला भेट द्यायची असेल, तर फराळासोबत झडपेचे चार मास्क, एक लांब दोर आणि मच्छरदाण्या न्या. आपल्या गावच्या शाळेत असा वर्ग सुरू करायचा असेल, तर मोठ्या डॉक्टरची तारीख मिळण्याची वाट पाहत बसू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन प्रसूती पाहणाऱ्या सिस्टरना विचारा. श्वास कसा द्यायचा हे त्यांना येतं. बाटल्या आणि चादरी तुमच्याकडे आहेतच.